बिराजदार सरांचे पाव्हणे

बिराजदार सर भेटले तर तुमची तब्येत विचारणार नाहीत. ते डेडलॉकची सांगतील. डेडलॉक रुसलंय, म्हणतील. मागच्या उन्हाळीला आलं न्हाई, हिवाळीला आलं न्हाई, म्हंजे यंदा येणार, आन् येताना बँकरला संगं घेऊन येणार. हे ते इतक्या काळजीने सांगतात की नवख्या माणसाला वाटावं, सरांच्या घरी लग्न आहे आणि हे दोघं पाव्हणे देवणीहून एसटीत बसलेत.

डेडलॉक हा माणूस नाही. कॉम्प्युटरच्या पदवीला ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा पेपर असतो, त्यातला तो एक प्रश्न आहे, आणि बँकर हा त्याच्याच जोडीने येणारा दुसरा. उन्हाळी आणि हिवाळी म्हणजे विद्यापीठाच्या वर्षातल्या दोन परीक्षा. मी दहावी नापास आहे. पण नांदेडात कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्या डेडलॉकची आकृती मी इतक्या वेळा काचेवर पालथी घातली आहे की उत्तर येत नसलं तरी चित्र डोळे झाकून काढून दाखवीन.

कोणता प्रश्न कधी आला, किती मार्काला आला, कोणाबरोबर आला आणि आता पुन्हा कधी येईल, हे सांगणं हा सरांचा छंद. सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या डोक्यात आहेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. पेपर काढणारा बी माणूसच हाय, त्याला बी आळस हाय. उन्हाळीला विचारलेला प्रश्न लगेच हिवाळीला विचारायची त्याला लाज वाटते. पुढच्या उन्हाळीपर्यंत लाज विसरलेली असते. मास्तर नवीन असेल तर त्याला नवं विचारायची हौस असते, आणि मुलगी लग्नाची असेल तर तो पेपर गडबडीत काढतो आणि सगळं जुनंच येतं. "आवंदा पेपर काढणाऱ्याच्या घरी कार्य हाय," असं सर एकदा म्हणाले होते आणि पेपर खरोखर जुन्यातलाच आला. आता हे त्यांना लग्नपत्रिका आली होती म्हणून कळलं की पेपर बघून कळलं, ते देव जाणे.

बिराजदार सर माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात. मूळचे देवणीकडचे. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, त्यातलं एक नेहमी न चालणारं. भेटलं की "शरणू" म्हणतात. आनंद झाला की कानडीत "हौदु" म्हणतात. मार्क चांगले पडले, हौदु. चहात आलं पडलं, हौदु.

आयुष्यभर त्यांनी तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे, आणि सुट्टीत तुम्ही कुणाचेच कुणी नाही. आधी उदगीर, मग लातूर, मग नांदेड. दर वर्षी पर्मनंट होणार असं कळायचं. लातूरला असताना तर त्यांच्यासाठी मुलगी बघायला सुरुवात झाली होती. मुलीच्या बापाने विचारलं, पर्मनंट हाय का? सर म्हणाले, होऊन राहिलोय. बाप म्हणाला, झाला की कळवा. सर पर्मनंट झाले नाहीत आणि कळवायचं राहून गेलं. ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगतात. सांगून झाली की खिशातलं न चालणारं पेन काढून तळहातावर चालवून बघतात.

आता माझी तक्रार सांगतो.

मी उमरीहून आलो तेव्हा हातगाडीवर जुनी पुस्तकं विकत होतो. आज दोन मशिनी आहेत, टायपिंग आहे, स्पायरल आहे. हे मला कुणी दिलेलं नाही. ठोक कागदवाला मला बघून दुकानाच्या मागच्या खोलीत जातो, कारण माझ्याशी भाव करताना त्याला पाणी प्यावं लागतं. असा मी माणूस, आणि माझ्या डोक्यावरच्या खोलीत अख्ख्या विद्यापीठात गाजलेला अंदाज राहतो. परीक्षा जवळ आली की पोरं सरांकडे जिन्यावर रांग लावायची. माझ्या दुकानापुढे चपलांचा ढीग पडायचा, गिऱ्हाइकाला आत यायला वाट नसायची. मी काय मागितलं? सरांनी महत्त्वाच्या प्रश्नांचा एक कागद लिहून द्यावा. मी तो छापेन, विकेन, त्यांचाही वाटा. समोरचा झेरॉक्सवाला खोटे अंदाज छापून गब्बर झाला होता. माझ्याकडे खरा होता आणि मी नुसत्या चपला मोजत होतो.

सर म्हणायचे, "कागदावर न्हाई, मालक. त्यास्नी वर पाठवा. बसू द्या की जरा."

मी हरतऱ्हेने बोललो. गोडीने बोललो, आवाज चढवून बोललो. निम्मा वाटा सांगितला, निम्म्याच्या वर गेलो, जेवढा मी सख्ख्या भावाला दिला नसता. माझ्या स्टुलावर बसून, माझा चहा पिऊन, माझ्याच मशीनवर फुकट झेरॉक्स काढून हा माणूस मला हसून नाही म्हणायचा. पैशाचा लोभ नसलेल्या माणसाशी सौदा करणं म्हणजे भिंतीशी कुस्ती. हातच कुठे घालावा कळत नाही.

बरं, ते शिकवायचे काय, तेही विचित्र. फी नाही. अटी दोन. एक, स्वतः यायचं, मित्राला पाठवायचं नाही. दुसरी, पेपर सुटला की घरी जायच्या आधी वर येऊन सांगायचं, आला का न्हाई. पोरगं पहिल्यांदा आलं की सर पुस्तक उघडायचेच नाहीत. विचारायचे, घरी कोण कोण असतं? आई काय करते, आजोबा हायेत का, मामा कसा हाय, काकू भांडते का? पोरगं बावचळायचं. आलेलं असायचं शेड्युलिंग, म्हणजे मशीन कुणाचं काम आधी करतं ते, विचारायला आणि सांगत बसायचं मामाचं.

मग सर जोडी लावायचे. तुझे आजोबा जेवायला बसले की आधी आला त्याला आधी वाढा म्हणतात ना, मग तो कितीबी वेळ खाऊ दे? ते फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह. तुझा मामा गावात आला की दर घरी थोडा थोडा वेळ बसतो, कुणाकडं पोटभर बोलत न्हाई, पुन्हा फिरून पहिल्या घरी येतो? तो राउंड रॉबिन. त्या पोराच्या डोक्यातून तो प्रश्न मग मेल्यावरच जायचा. प्रत्येकाची नाती वेगळी, म्हणून प्रत्येकाचा अभ्यास वेगळा. एकाचा राउंड रॉबिन मामा, दुसऱ्याचा गावचा पोस्टमन. सरांना सगळ्यांचं लक्षात असायचं. दोन-दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या पोराची आजी कशी आहे, हे ते मला विचारायचे. मला कुठून माहीत असणार?

तर एका हिवाळीला हिमायतनगरची प्रतीक्षा नावाची एक मुलगी सरांकडे येत होती. हुशार. तिने सरांचं सगळं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेतलं, सरांना विचारूनच, आणि उजळणीला बरं म्हणून माझ्याकडे टाइप करायला आणलं. मी स्वतः बसून टाइप केलं, शब्दाला शब्द. टाइप करता करता माझ्या ध्यानात आलं की ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं डोकं आपटलं ते माझ्या समोर पडद्यावर आहे. प्रतीक्षाला विचारलं, छापू का? ती म्हणाली, छापा की काका, सगळ्यांचं भलं होईल. तिला तिची प्रत फुकट दिली आणि बाकीचा गठ्ठा काउंटरवर मांडला. वर ठळक अक्षरात, बिराजदार सरांचे खास अंदाज.

सकाळी गठ्ठा संपला. दुपारी परत आला.

कारण कागदावर असं होतं: शेषा आत्या यंदा शंभर टक्के येणार. शेषा आत्याची चार लक्षणं पाठ करा. एक, तिची वस्तू ती दुसऱ्याला वापरू देत नाही. दोन, हातातलं सोडत नाही आणि दुसऱ्याचं मागत बसते. तीन, तिच्या हातातून कुणी हिसकावू शकत नाही. चार, सगळे एकमेकांकडे बघत गोल बसतात. आत्याची आकृती काढली नाही तर मार्क कापतील. मामा मागच्या खेपेला येऊन गेला, त्याला नुसतं ओळखून ठेवा. चुलतबहीण दोन मार्काला येईल, तिच्यात वेळ घालवू नका.

पोरं काउंटरवर वाकून विचारायला लागली, काका, आत्या म्हंजे कोण? मला काय माहीत? एक जण म्हणाला, सिलॅबसमध्ये चुलतबहीण नाही. पैसे परत मागायला लागले. मी कुणाला शिव्या दिल्या, कुणाला पैसे दिले, बहुतेकांना दोन्ही दिलं. समोरचा झेरॉक्सवाला दारात खुर्ची टाकून बघत होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, अंदाज माझ्याकडे, सोयरीक तिकडे.

तिथे संपलं असतं तर बरं होतं. तो कागद हिमायतनगरला पोचला. प्रतीक्षाचा कुणी चुलतभाऊ इथेच शिकत होता, त्याने घरी नेऊन वाचून दाखवला. मग एक दिवस भर दुपारी दुकानापुढे रिक्षा थांबली आणि नऊवारीतल्या एक बाई उतरल्या. हातात घडी घातलेला कागद.

"झेरॉक्सवाला कोन हाय?"

"मी. काय पायजे?"

"माजी चार लक्षनं पायजेत."

मी भांडणाला मागे हटणारा माणूस नाही. पण समोरची बाई माझ्या आधी भांडायला शिकलेली होती. मी म्हणालो, आत्याबाई, हे तुमचं नाही, कॉम्प्युटरचं आहे. त्या म्हणाल्या, कंप्युटरची आत्या कवापासून झाले मी? माझा आवाज चढला, त्यांचा आधीच चढलेला होता. गिऱ्हाइकं झेरॉक्स सोडून ऐकत उभी. समोरच्याने खुर्ची पुढे ओढली.

आवाज ऐकून सर जिन्यावरून खाली आले. शरणू आत्याबाई, म्हणाले, आणि माझं स्टूल पुसून त्यांना बसायला दिलं. मला वाटलं आता सर सगळं माझ्यावर ढकलतील. त्यांनी एवढंच विचारलं, घरी कोण कोण असतं?

बाई सांगायला लागल्या. घर मोठं, पण वाटण्या झालेल्या. सासूचं शिसवी कपाट जावेच्या खोलीत. त्याची किल्ली यांच्याकडे. कपाटात सासूने दोघींसाठी ठेवलेल्या पैठण्या. जाऊ म्हणते, आधी किल्ली दे, मग तुझी पैठणी देते. या म्हणतात, आधी कपाट माझ्या खोलीत आण, मग किल्ली देते. सासू जाऊन किती वर्षं झाली, कपाट बंदच.

"ह्यालाच डेडलॉक म्हंतेत, आत्याबाई," सर म्हणाले. "दोघींकडं एकेक वस्तू. दोघी बी दुसरीची वाट बगून राहिल्या. तुमची चूक न्हाई, तिची बी न्हाई. मशीन चालू असतंय, काम बंद."

"मंग ह्यात पुढं काय असतंय?"

"कुनी तरी एकानं हातातलं सोडावं लागतंय."

"आन् कुनीच सोडलं न्हाई तर?"

"तर तसंच बसून ऱ्हायाचं."

बाई कागदाची घडी उलगडून पुन्हा त्या चार लक्षणांकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत होतं की नाही मला ठाऊक नाही. मग म्हणाल्या, लिवलंय बराबर, पन नाव घालायचं न्हवतं. सर म्हणाले, हौदु. आणि त्यांना वर चहाला घेऊन गेले.

तासाभराने दोघं खाली आले ते बाई सरांना रागवतच. खोलीत एक भांडं धड नाही, उशीला अभ्रा नाही, माणूस राहतो का मास्तर राहतो? सर मान खाली घालून ऐकत होते, आणि असं रागावून घेताना मी कुणाचाही चेहरा इतका खूश पाहिलेला नाही. ते त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. पुढे कितीतरी दिवस ते सांगत होते, आमच्या आत्याबाई येऊन गेल्या. लोणचं पाठवते म्हणाल्या. लोणचं आलं नाही. तरी ते भेटेल त्याला सांगायचे की लोणचं येणार आहे.

आणि हो, त्या हिवाळीला आत्या आली. आकृतीसकट, पूर्ण मार्काला. प्रतीक्षा पहिल्या वर्गात पास झाली. नुकसान झालं ते माझं.

मला वाटलं होतं की कागद बघून सर माझ्यावर चिडतील. चिडले असते तर मीही चिडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी कागद वाचला, पोट धरून हसले आणि म्हणाले, मामाच्या ठिकाणी एक ओळ सुटलीय टायपिंगमधी. मी म्हणालो, सर, आता झालं ते झालं, एक साधा कागद लिहून द्या, नातीगोती न घालता, पुस्तकातल्या भाषेत. माझी अब्रू राहील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तेच म्हणाले, कागदावर न्हाई. त्या दिवशी मी स्टूल आत घेतलं आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ते येता-जाता शरणू म्हणायचे. मी मशीनचा आवाज वाढवल्यासारखा जोरात कागद आपटायचो.

मग सरकारचं शिक्षणाचं धोरण बदललं. नवीन अभ्यासक्रम आला, पेपरांची नावं बदलली, प्रश्नांची पद्धत बदलली. मोठ्या पोरांनी धाकट्यांना सांगितलं की जुन्या प्रश्नपत्रिका आता रद्दी. माझ्याकडचे जुने गठ्ठे मी खरोखरच रद्दीत घातले. सर म्हणत होते की नावं बदलली तरी माणसं तीच हायेत, पेपर काढणारे मास्तर काय नवे जन्मलेत का. पण ते ऐकायला जिन्यावर कुणी नव्हतं. पोरं आता मोबाइलला विचारतात, कोणते प्रश्न येतील. मोबाइल क्षणात यादी देतो. घरी कोण कोण असतं, हे तो विचारत नाही. त्याला ते आधीच माहीत असतं म्हणतात.

परीक्षा आल्या. दुकानापुढे चपला नव्हत्या. गिऱ्हाइकाला यायला मोकळी वाट होती, जी मला इतकी वर्षं हवी होती. वर सरांच्या खोलीचं दार उघडं असायचं. ते खुर्च्या मांडायचे, मला खाली पाय घासल्यासारखा आवाज यायचा. संध्याकाळी तोच आवाज उलटा, खुर्च्या भिंतीला लावल्याचा.

एकदा मी कागद आणायला निघालो होतो. परीक्षा केंद्राच्या गेटवर सर उभे दिसले. पेपर सुटला होता, पोरं घोळक्याने बाहेर पडत होती, डोळे मोबाइलवर. आमचं बोलणं बंद होतं, म्हणून मी गाडी पलीकडच्या बाजूला लावून उभा राहिलो. सर एकेकाला थांबवून विचारत होते, आला का? पोरं त्यांच्याकडे बघून बाजूने निघून जायची. शेवटी एक पोरगा थांबला. भला होता. त्याला वाटलं, कुणाचे तरी वडील आहेत.

"काका, तुमचा मुलगा दुसऱ्या ब्लॉकला असंल," तो म्हणाला. "तो ब्लॉक अजून सुटला न्हाई."

सर म्हणाले, "बरं बरं. थांबतो मंग."

आणि ते खरोखर थांबले. दुसरा ब्लॉक सुटेपर्यंत. ती पोरं बाहेर आली, गेली, शिपायाने गेट ओढून घेतलं, तेव्हा ते निघाले. मी कागदवाल्याकडे गेलो आणि त्याने सांगितला त्या भावाने कागद घेऊन आलो. तो मला बरं नाही का विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात आले. हातात एक कागद. सुवाच्य अक्षर, ओळीने प्रश्न, खाली मुद्दे. आत्या नाही, मामा नाही, सगळी पुस्तकातली भाषा. पुढच्या पेपरचा अंदाज, नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे.

"छापा, मालक," म्हणाले.

ज्या कागदासाठी मी इतकी वर्षं झुंजलो तो आता काउंटरवर पडला होता, न मागता. मी विचारलं, वाटा किती? म्हणाले, तुम्ही म्हनाल तसं. मी विचारलं, अट? म्हणाले, कायबी न्हाई. माझं आयुष्य सौद्यात गेलंय. समोरचा घासाघीस करत नाही तेव्हा दोनच गोष्टी असतात, माल तरी खराब असतो नाहीतर विकणाऱ्याचं मन. माल खराब नव्हता.

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकता आली तर बघा, म्हणाले. शंका असल्यास वरच्या खोलीत यावे. जागा नसंल तर ऱ्हाऊ द्या.

तेव्हा मला उमगलं की हा माणूस मला इतकी वर्षं का नाही म्हणत होता. कागद हातात मिळाला की पोरगं जिना कशाला चढेल? मी ज्याला हट्ट समजत होतो तो त्यांचा व्यवहार होता, आणि व्यवहारात ते माझ्यापेक्षा कच्चे नव्हते. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. एवढं एक वाक्य त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर मी इतका तमाशा करून घेतला नसता. पण असं वाक्य कुणी सांगतं का?

ती ओळ मी बारीक नाही, सगळ्यात मोठ्या अक्षरात टाकली. जागा भरपूर होती. मग मूळ कागद काचेवर ठेवायला गेलो आणि थांबलो. चौथा प्रश्न लांबलचक होता, दोन ओळींचा, खाली मुद्दे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो सगळ्यात मोठा होता म्हणून महत्त्वाचा असणार. त्याची वरची ओळ राहू दिली. खालच्या भागावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली, कागद काचेवर पालथा घातला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

कागद मी विकला नाही. झेरॉक्सला येईल त्याच्या कागदात एक घालून दिला. पोरं फुकटचं घेतात. दुसऱ्या दिवसापासून येऊन म्हणायला लागली, काका, चौथा अर्धाच आलाय. मी त्यांच्यावर ओरडायचो. मला काय विचारता, मी दहावी नापास, खाली एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय ते दिसत नाही का? काही तशीच निघून गेली. काही मोबाइलला विचारत उभी राहिली. दोघं-तिघं मात्र जिना चढून गेली. वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बराच वेळ कुणी खाली आलं नाही. चपला वाटेत होत्या. मी त्या पायाने सरळ करून ठेवल्या.

पोरं गेल्यावर सर खाली आले. हातात छापलेला कागद.

"मालक, चौथा अर्धाच आलाय."

मी आवाज चढवून म्हणालो, मशीन जुनी झाली, ड्रम गेलाय, रेघा पडतात, मजकूर उडतो, कंपनीचा माणूस येतो म्हणतो आणि येत नाही, मी एकटा कुठे कुठे बघू.

सरांनी कागद उजेडाला धरला. जिथे प्रश्न तुटला होता तिथे पट्टीच्या कडेची एक बारीक काळी रेघ उमटली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"ड्रमची रेघ उभी पडती," ते म्हणाले. "ही आडवी हाय."

मी मशीनचं झाकण उघडून आत बघत बसलो. आत बघण्यासारखं काही नव्हतं. सर तिथेच उभे होते. त्यांनी कागदाची चौघडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, जिन्याच्या दोन पायऱ्या चढले आणि मागे न बघता, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"पुढच्या पेपरला दोन झाका."